देवापुढली डबी

"आजये, आये परत वकली."

तन्वीने हे इतक्या सहज सांगितलं, जणू कोंबडी पुन्हा खोपीत शिरली असावी. रुक्मिणीच्या हातातली पळी पेजेच्या टोपातच राहिली. झावळांच्या खोपीमागे, काजूच्या बुंध्याला धरून तिची सून विनीता ओकत उभी होती. पाठमोरी. डिसेंबरचं ऊन सड्यावर चांगलं वर आलं होतं, पोरं शर्ट काढून क्रिकेट खेळत होती, आणि हिच्या अंगावर दोन स्वेटर.

"काय गो रुक्मिणी," शेजारच्या खोपीतून जानकीने मान बाहेर काढली. तोंडात मिश्री, डोळ्यांत हसू. "सकाळच्या पारी वकारी? पळणीत येवन गुपचूप बातमी देतात काय तुमच्या घरात?"

दोन-चार बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "देवाक पण चार वर्सांनी काम मिळाला मगे!"

रुक्मिणीही हसली. हसायचं नव्हतं तिला. पण हसू आधी आलं आणि विचार मागून. मागून आलेला विचार मात्र तिच्या छातीत असा बसला, की तिने पळी खाली ठेवून दोन्ही हात पदराला पुसले. खरंच असलं तर?

कुंदवळची ही गावपळण. चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला येतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. मध्ये व्हाळाचा ओढा; पलीकडे गाव आणि अलीकडे हा सडा, कातळाचा उघडा माळ. गावात चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, आणि चौथ्या दिवशी परतीचा कौल मिळेपर्यंत व्हाळावरच्या साकवावर, त्या छोट्या पुलावर, पाऊल ठेवायचं नाही. तीन दिवस गाव देवाचं आणि ज्यांची नावं घेत नाहीत त्यांचं. रुक्मिणीची ही सतरावी पळण. माहेरही ह्याच गावातलं; पहिल्या पळणीला ती आईच्या कडेवर होती.

मागच्या पळणीला विनीता सात महिन्यांची पोटुशी होती. धामापूरची मुलगी, आवाज असा की तळ्याच्या ह्या काठावरून त्या काठाला ऐकू जावा. पोट सांभाळत ती ह्याच सड्यावर बायकांच्या मध्ये बसून गाणी म्हणत होती आणि मुंबईहून आलेल्या नणंदांना नावं ठेवून हसवत होती. तेव्हा रुक्मिणीला वाटायचं, जरा हळू बोलावं हिने. माणसाला काय काय वाटतं.

मग तन्वी झाली. आणि तन्वी झाली त्या दिवशी विनीताचं रक्त गेलं. किती, ते रुक्मिणीने डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन चादरी, एक सतरंजी. जीव वाचला. सगळे म्हणाले, देवाची कृपा. पण दूध आलं नाही. मेथी झाली, अळीव झाले, मोरी माशाचं कालवण झालं. दूध नाही. पुढे पाळीही आली नाही. काखेतले केस गेले, भुवया विरळ झाल्या, आवाज जाड आणि मंद झाला. भर मे महिन्यात ती गोधडी घेऊन झोपायची. मूल रडायचं आणि ही त्याच्याकडे बघत बसायची, उठायला हवं हे कळत असूनही उठता येत नसल्यासारखी.

"दूध नाय ती आवस कसली?" एकदा रुक्मिणी म्हणाली होती. ओसरीवर, चारजणींत. विनीताने ते ऐकलं होतं आणि उत्तर दिलं नव्हतं. रुक्मिणीला वाटलं होतं, आळशी आहे, बोलायचाही कंटाळा.

अडीच वर्षं अशी गेली. मग एका संध्याकाळी ती न्हाणीत पडली आणि सुशांतने, तिच्या नवऱ्याने, तिला थेट गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. परत आला तो कागदांची पिशवी आणि दोन लहान बाटल्या घेऊन. सुशांत वायरमन. त्याने आईला त्याच्या भाषेत समजावलं.

"आये, आपल्या वाडीची डीपी उडाली तर काय होता?"

"काळोख होता. आणि तुका फोन येतत."

"वायरी बऱ्यो. बल्ब बरे. मीटर बरो. तरी काळोख. तसाच हिचा झाला हा. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक गाठ आसता. ती हुकूम सोडता. दुधाक सांगता ये, पाळयेक सांगता ये, गळ्यातल्या गाठीक सांगता अंग गरम ठेव, किडनीवरल्या गाठीक सांगता ताकद सोड. बाळंतपणात ती गाठ मोठी झाल्ली आसता, तिका रगत जास्ती लागता. आणि हिचा रगत त्याच दिवशी गेला. वाटाणो सुकान गेलो."

"मगे नवी डीपी बसव."

"ती खंय मिळत नाय. आता रोज हातान करंट घालूचो. ह्यो गोळ्यो म्हणजे तोच. एक दिवस चुकान चलाचा नाय, आये. एक दिवस पण."

गोळ्या सुरू झाल्या आणि आठ दिवसांत विनीता उठून बसली. महिन्याभरात विहिरीवर जाऊ लागली. स्टीलच्या डबीत दोन बाटल्या आणि घडी घातलेलं एक कार्ड. सकाळी आठ वाजता ती डबी उघडून पांढरी गोळी आईच्या तळहातावर ठेवायचं काम तन्वीचं. दुपारी तीनला अर्धी. हे सगळं रुक्मिणी रोज बघत होती. आणि रोज तिच्या मनात एकच यायचं: आता बरी झाली ना? मग अजून कशाला?

पळणीच्या आदल्या रात्री सामान बांधताना तिने ती डबी पिशवीतून काढली. रागाने नव्हे. सड्यावर भिंती नसतात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं. तिथे सुनेने तीन दिवस गोळ्या गिळायच्या आणि जानकीसारखीने विचारत राहायचं, हे तिला नको होतं. पण तेवढंच नव्हतं. पळणीत गाव झाडून निघतो, वाईट ते सगळं जातं, असं ती जन्मभर ऐकत आली होती. तिने डबी देवघरात नेली, देवापुढे ठेवली आणि हात जोडले. "तीन दिस तू संभाळ. तुझ्या राखणीत आसा ती. माका दाखव तिका बरी झालेली."

पहाटे निघताना विनीता सगळ्यात शेवटी आत गेली. "देवाक हात जोडून येतंय, आये." तिला वेळ लागला. रुक्मिणी खळ्यात कोंबड्यांचं खुराडं धरून उभी होती. विनीता बाहेर आली, कुलूप लावलं, किल्ली सासूच्या हातात दिली. रुक्मिणीने सुटकेचा श्वास सोडला. दिसली नाही हिला.

पहिल्या सकाळी आठ वाजता तन्वीने पिशवी उपसली. "आये, डबी?"

"इसारलंय, बाय," विनीता हळूच म्हणाली. "ऱ्हवांदे. तीन दिस काय जाता."

आणि आज दुसऱ्या सकाळी ही वकारी.

रुक्मिणी दिवसभर सुनेकडे चोरून बघत होती. तोंड उतरलेलं, खाण्यावरून मन उडालेलं, सतत झोप. सगळं तेच. सगळ्या खुणा तशाच, जशा तिला स्वतःला सुशांतच्या वेळी झाल्या होत्या. तिने विनीताला उठवलं नाही. पाणी भरायला जाऊ दिलं नाही. दुपारी कोकमाचं सार करून तिच्या उशाशी ठेवलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, ओलं. "पड हां, बाय. पडून ऱ्हव," ती म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून सुनेसाठी 'बाय' निघालं.

संध्याकाळी भजन रंगलं. रुक्मिणी टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या सकाळी विनीता उठली नाही.

रुक्मिणीने हाक मारली, मग हलवलं, मग दोन्ही खांदे धरून ओढलं. डोळे उघडले. त्यांत कोणी नव्हतं. ओठ पांढरे, हातपाय व्हाळातल्या दगडासारखे गार. विनीता काहीतरी पुटपुटली; बोलण्याला आकारच नव्हता.

"जानकी! गो जानकी!"

जानकी आली, विनीताची नाडी धरायला गेली आणि तिला ती सापडेना. तिच्या तोंडची थट्टा कुठल्या कुठे गेली. "दिवस गेल्ल्या बाईक असा होवक नाय गो. ह्या वेगळा आसा. ओ हरिश्चंद्र भावोजींच्या झिला! फोन लाव, फोन! गाडी बोलाव!"

माणसं धावली. गाडीला पाऊण तास लागणार होता. सुशांतचा फोन वाजत राहिला. तळेऱ्याजवळ कुठेतरी लाइन तुटली होती आणि तो खांबावर होता. कुणी साखर-पाणी आणलं, ते विनीताच्या ओठांच्या कडेने गळून गेलं.

तन्वी आईच्या पायाशी उकिडवी बसली होती. ती आजीकडे बघून म्हणाली, "आयेन गोळी खाल्ल्यान नाय. काल पण नाय. परवा पण नाय. म्हणान ती चालू होयत नाय."

रुक्मिणीला सुशांतचे शब्द आठवले. एक दिवस चुकान चलाचा नाय, आये. एक दिवस पण. तिने खोपीच्या खांबाला धरलं. कालचं सार, कालचं 'पडून ऱ्हव', कालच्या टाळ्या. मरणाच्या खुणांना ती दिवसभर बाळाच्या खुणा समजून बसली होती.

"हिच्याकडे बघ," ती जानकीला म्हणाली. "गाडी येयसर मी इलंय."

"खंय जातंस गो अशा वेळार?"

रुक्मिणी उतारावरून खाली निघाली होती.

साकवाच्या अलीकडे, जांभळीखाली हरिश्चंद्र काठी घेऊन बसला होता. मानकरी घरातला, रुक्मिणीचा चुलत दीर, सत्तरीचा. पळणीत वेशीवर कोणी ना कोणी बसावं लागतं. ढोरं चुकून आत जातात, बाहेरगावची माणसं मोबाईल घेऊन फोटोला येतात. त्याने वहिनीला धापा टाकत येताना पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"वयनी, हय खंय?"

"घराक."

"खुळावलंस काय? एक रात ऱ्हवली. फाल्या कौल झालो काय सगळीच जातलंव."

"फाल्यापर्यंत ती ऱ्हवाची नाय, भावोजी. गोळ्यो घरात आसत. कागद आसा. तो कागद बघल्याशिवाय डॉक्टराक कळाचा नाय तिका काय झाला हा."

"गोळ्यो मालवणात मिळतीत, सावंतवाडीक मिळतीत, मी माणूस धाडतंय..."

"नाव काय सांगशात?" रुक्मिणीचा आवाज फाटला. "माका नाव म्हायत नाय. दीड वर्स रोज बघतंय, आणि माका त्या गोळयेचा नाव म्हायत नाय!"

हरिश्चंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "वयनी, देव इचारीत."

"माका इचारूंदे. ती डबी मीच ठेवलंय थय."

तिने चपला साकवापाशी काढल्या. का काढल्या ते तिलाही कळलं नाही. देवळात जाताना काढतात तशा. आणि ती पलीकडे गेली.

गाव होतं तसंच होतं. हेच तिला सहन होईना. वाटेवर कुंपणं उभी, अंगणं सारवलेली, तुळशी हिरव्या, दोरीवर कुणाचा तरी विसरलेला टॉवेल. माडावर नारळ. विहिरीत पाणी. काही मोडलेलं नव्हतं, काही पडलेलं नव्हतं, आणि कुठेच कोणी नव्हतं. चूल नाही, खोकला नाही, रेडिओ नाही, कोंबडं नाही. तिच्या पायांचा आवाज भिंतींवर आदळून तिच्याकडेच परत येत होता. वाडीच्या तिठ्यावर सुशांतची डीपी होती. रात्रंदिवस तिची घूं ऐकू यायची. इतकी सवयीची की ऐकू येत नसे. पळणीसाठी सुशांतनेच फ्यूज काढले होते. आज ती मुकी होती.

रुक्मिणी तिच्याखाली थांबली. वायरी बऱ्या होत्या. घरं बरी होती.

चार वर्षं, तिला वाटलं. चार वर्षं मी त्या पोरीच्या दाराशी उभी राहून ओरडत होते, उठ गो, उठ गो.

मग ती धावली. साठी उलटलेली बाई जशी धावते तशी, एक हात गुडघ्यावर, पदर तोंडात. कुलूप उघडेना, किल्ली दोनदा हातातून पडली. आत थंडी, शेणाचा वास, काळोख. देवघरात डबी होती तिथेच होती. तिच्यावर दोन दिवसांची बारीक धूळ. रुक्मिणीने देवाकडे पाहिलं. त्याला ती काय म्हणाली ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. डबी उचलून तिने पोटाशी धरली आणि निघाली.

धावताना डबीतल्या गोळ्या वाजत होत्या. रिकाम्या गावात तो आवाज एवढा मोठा झाला, की साकवापलीकडे बसलेल्या हरिश्चंद्रालाही लांबून ऐकू आला असणार. ती परतली तेव्हा तो व्हाळाकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वळवली नाही. तिच्या चपला मात्र सरळ करून ठेवलेल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, गोल चष्म्याची. तिने सलाईन आधीच लावलं होतं. "गॅस्ट्रोच्या दोन केसेस कालपण आल्या तुमच्याकडून. उघड्यावरचं पाणी. पण बीपी फारच खाली आहे..." तिचं वाक्य अर्धं राहिलं, कारण रुक्मिणीने डबी उघडून घडीचा कागद तिच्यापुढे धरला होता. डॉक्टरणीने तो वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तिचा चेहरा बदलला.

"गोळ्या नियमित घेतात ना या?"

त्याच वेळी दारातून सुशांत आत आला. कमरेला पट्टा तसाच, हातांना ग्रीस. "घेते मॅडम. रोज. एकही चुकवत नाही, माझी मुलगीच देते," तो धापा टाकत म्हणाला.

"नक्की? मग हे इतकं खाली का जावं? मग इन्फेक्शन मोठं असणार, दुसरंच काहीतरी..." डॉक्टरीण घुटमळली. बाजूची नर्स सिरिंज हातात घेऊन उभी होती.

रुक्मिणीला समोर दोघं दिसत होती. मुलगा, आणि त्याच्या मागे खाटेवर ती. मध्ये एक वाक्य होतं.

"घेतलं नाही," ती म्हणाली. दवाखान्यात बोलायची भाषा तिने दोन शब्दांपुरती सांभाळली आणि मग ती सुटली. "परवाच्या सकाळपासून एक पण नाय. पाच खेपा चुकल्यो. तिका वाटता ती इसारली. ती इसारूक नाय. मी काढून ठेवलंय. देवापुढे."

सुशांतने आईकडे पाहिलं. बराच वेळ. असं त्याने तिच्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. खांबावर चढण्याआधी तार जिवंत आहे का मेलेली, हे बघतो तसं.

"हायड्रोकॉर्टिझोन शंभर, आत्ता," डॉक्टरीण नर्सला म्हणाली. "आणि ग्लुकोज. साखर बघा." मग रुक्मिणीकडे न बघता, "बरं झालं सांगितलंत. अर्धा तास आणखी गेला असता ना, तर सलाईनने काही झालं नसतं."

दुपारपर्यंत विनीताच्या बोटांत ऊब आली. रुक्मिणी बाहेरच्या बाकावर होती; तिला ते नर्सने सांगितलं. सुशांत एकदाच बाहेर आला. त्याने हात पुढे केला. तिने डबी त्याच्या हातात दिली. त्याने ती खिशात घातली.

"तन्वीक जानकीकाकीकडे ठेवलंय," तो म्हणाला. "तू जा आता."

चौथ्या दिवशी कौल झाला आणि गाव परतलं. ढोल वाजले, कोंबड्या ओरडल्या, पोरं साकवावरून शर्यत लावून पळाली. तन्वी जानकीच्या कडेवरून आजीकडे बघत पलीकडे गेली. रुक्मिणी गेली नाही. खोप्या मोडल्या, सामान गेलं. ती काजूखालच्या मांगरात, गवत ठेवायच्या खोपटात, आपलं बोचकं घेऊन बसून राहिली.

संध्याकाळी हरिश्चंद्र येऊन समोर उभा राहिला. "चल, वयनी."

"माझा जावन झाला, भावोजी. एकदा जावन इलंय."

त्याने काठी जमिनीवर टेकवली. "देवापुढे गाराण्यात घातलंय मी. नाव घेवक नाय. म्हटलंय, कोणाचा चुकला-माकला आसात तर लेकरू म्हणान पदरात घे. सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटल्यानी."

"देवाचा झाला," रुक्मिणी म्हणाली. "तिचा ऱ्हवला हा."

त्याने जाताना आपलं कांबळं मांगरात ठेवलं.

सहाव्या दिवशी दुपारी रिक्षा साकवापाशी आली. पुढे गाडी जात नाही. रुक्मिणी जांभळीखाली उभी होती. सुशांतने विनीताला हात धरून उतरवलं, साकवाच्या कठड्यावर बसवलं, पिशव्या उचलल्या. "तन्वीक घेवन येतंय," तो विनीताला म्हणाला आणि आईच्या बाजूने, तिला न लागता, पलीकडे गेला.

दोघी राहिल्या. खाली व्हाळाचं पाणी दगडांवरून जात होतं. विनीताचा चेहरा सुजलेला, पण डोळ्यांत ती होती.

"तुमी हय कित्याक बसल्यात, आये?"

रुक्मिणीने तीन दिवस पुष्कळ बोलणं तयार केलं होतं. त्यातलं "मी ती डबी..." एवढंच तोंडाशी आलं.

"माका दिसल्ली."

"काय?"

"डबी. देवापुढे. कुलूप घालूच्या आधी." विनीता पाण्याकडे बघत होती. "हातात पण घेतलंय. आणि परत ठेवलंय."

"कित्याक गो? कित्याक ठेवलंस परत?"

विनीताने उत्तराला वेळ लावला. आता रुक्मिणी थांबली. हा वेळ कशाला लागतो ते तिला ठाऊक झालं होतं.

"तुमी काय मागलास ता माका कळला, आये. ताच मी पण मागलंय. आणि जानकीकाकी बोलली ना, तेवा... माका म्हायत आसा गोळ्यांशिवाय माझ्या अंगात काय एक होवचा नाय. डॉक्टरांनी चित्र काढून सांगल्यानी. तरी पण अर्धो दिस माका खराच वाटला. तुमी कपाळार हात ठेवलास, तेवा तर पुरा."

रुक्मिणी खाली मातीत बसली. रडली नाही. रडण्यासाठी जी काही गाठ लागत असेल, ती तिची सुकून गेली होती.

विनीताच्या पर्समध्ये फोन वाजला. तिचा गजर. तीन.

तिने पर्समधून स्टीलची डबी काढली. सुशांतने सकाळीच तिला दिली असावी. ती डबी विनीताने सासूच्या मांडीवर ठेवली आणि आपला तळहात पुढे केला. तिच्या तोंडावर माया होती की नुसता थकवा, ते रुक्मिणीला वाचता आलं नाही.

झाकण घट्ट होतं. रुक्मिणीने ते उघडलं. दोन बाटल्यांपैकी कुठली, ते तिला विचारावं लागलं. "ही?" "ती नाय. दुसरी." अर्धी केलेली गोळी बाटलीच्या तळाशी होती. तिने ती त्या तळहातावर ठेवली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी.

"हिचा नाव काय गो?" रुक्मिणीने विचारलं.

विनीताने सांगितलं. लांब, अवघड नाव. रुक्मिणीने ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, अडखळली, पुन्हा म्हटलं.

पलीकडून सुशांत आला. खांद्यावर तन्वी. आईच्या हातात डबी बघून तो साकवाच्या मध्यावर थांबला. तन्वी वरून ओरडली, "आजये, आज माझी पाळी! तुझी नाय!"

सुशांत वळला आणि पुढे चालू लागला. त्याच्यामागे विनीता, कठड्याला धरत. सगळ्यात मागे रुक्मिणी. तिने चपला काढल्या, एका हातात धरल्या. दुसऱ्या हातात डबी.

गाव आता भरलेलं होतं. कुठे तरी मिक्सर फिरत होता, कोण कुणाला शिव्या घालत होतं, तिठ्यावरची डीपी घुमत होती. त्या सगळ्यात तिच्या मुठीतल्या गोळ्यांचा आवाज कुणालाच ऐकू येण्यासारखा नव्हता. प्रत्येक पावलागणिक रुक्मिणीला तो ऐकू येत होता, आणि ओठांतल्या ओठांत ती ते अवघड नाव घोकत होती.